अर्जुनाच्या हाती पिनाक

रायपूरच्या जयस्तंभ चौकात दरवर्षी १० डिसेंबरला हार पडतात, भाषणे होतात. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १८५७ साली याच तारखेला फाशी झाली आणि ती इथेच, असे शहर मानते. तोफेच्या तोंडी दिले, अशीही एक कथा चालते. लोकस्मृतीला दोराहून तोफ अधिक शोभते. आदल्या वर्षीच्या दुष्काळात त्यांनी कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याचे कोठार फोडून धान्य उपाशी लोकांत वाटले आणि तसे सरकारला स्वतःच कळवले. मग अटक, रायपूरचा तुरुंग, ऑगस्ट १८५७ मध्ये तिथून पलायन, सोनाखानला पाचशेएक माणसांची जमवाजमव, कॅप्टन स्मिथची चढाई आणि शरणागती. हे सगळे ऐकून झाले की श्रोत्यांतला कुणीतरी हमखास विचारतो, त्यांच्याकडे धड बंदुका असत्या तर? आता तर कल्पना करण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. मोबाइलवर दोन ओळी टाइप केल्या की मावळ्याच्या खांद्यावर रॉकेट लाँचर येतो आणि झाशीची राणी रणगाड्यावर स्वार होते.

प्रश्न पोरकट म्हणून सोडून देता आला असता. पण त्याच्या पोटात एक जुना धर्मप्रश्न दडलेला आहे. युद्धातले पाप-पुण्य केवळ लढणाऱ्याच्या मनावर ठरते, की त्याच्या हातात काय आहे यावरही? हत्यार बदलले तर तो योद्धा तोच राहतो का?

बंदुका असत्या तर काय झाले असते, याचे एक उत्तर रायपुरातच सव्वा महिन्याने मिळाले. १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी तिसऱ्या पलटणीतल्या हनुमानसिंहाने सार्जंट मेजर सिडवेल याला त्याच्या घरात शिरून तलवारीने मारले. हनुमानसिंहाची नेमणूक होती मॅगझिन लश्कर म्हणून, म्हणजे ज्या कोठारात दारूगोळा राहतो तिथलाच तो माणूस. त्याच्या साथीला गोलंदाजही होते. त्या काळी रायपुरात जे सर्वांत आधुनिक हत्यार होते ते चालवणारे हात बंडखोरांच्या बाजूला होते. तरीही काही तासांत बंड मोडले, कारण छावणीतले बाकीचे शिपाई उठले नाहीत. हवालदार गाझी खान, अब्दुल हयात, शिवनारायण, पन्नालाल, मातादीन, ठाकूरसिंह अशा सतरा जणांना २२ जानेवारीला फाशी दिले गेले. हनुमानसिंह कधीच सापडला नाही.

मराठी वाचकाला या कल्पनेत आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हेही एकदा तपासावे लागेल. तोफ नसलेला गरीब शूर म्हणजे आपण, असे चित्र आपल्या मनात सहज उमटते. छत्तीसगडच्या आठवणीत ते उलटे आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर आला, तेव्हा तिथला राजा रघुनाथसिंह म्हातारा होता आणि मुलाच्या मृत्यूने खचलेला होता. त्याने लढाईच दिली नाही. भास्करपंताच्या तोफांनी राजवाड्याचा एक भाग ढासळला, तेव्हा एका राणीने तटावर चढून तहाचे निशाण दाखवले. त्या दिवशी आधुनिक हत्यार मराठ्यांकडे होते. त्या प्रसंगाचा पोवाडा कुणी रचल्याचे ऐकिवात नाही, आणि यात नवल काही नाही.

ज्यांच्यावर तोफा चालल्या त्यांची कल्पनाशक्ती मात्र वेगळ्या वाटेने गेली. १९१० मध्ये बस्तरमध्ये भूमकाल नावाचा उठाव झाला. नेतानारच्या गुंडाधूरचा निरोप गावोगाव फिरला तो आंब्याच्या डहाळीला बांधलेल्या लाल मिरच्यांतून. त्याला डारा-मिरी म्हणत. ही डहाळी ज्या गावाने ठेवून घेतली ते गाव उठावात सामील. धनुष्यबाण आणि कुऱ्हाडी घेऊन निघालेल्या या लोकांत गुंडाधूरबद्दल अशी वदंता होती की तो गोऱ्यांच्या गोळ्यांचे पाणी करतो. दहा वर्षे आधी बिरसा मुंडाच्या अनुयायांनीही हेच मानले होते. १९०५ मध्ये पूर्व आफ्रिकेत जर्मनांविरुद्ध उठलेले लोक मंतरलेले पाणी अंगावर घेऊन मशिनगनसमोर गेले आणि तो उठाव पाण्याच्याच नावाने, माजी माजी म्हणून, इतिहासात राहिला. यांपैकी कुणाच्याही स्वप्नात मशिनगन आपल्या हातात आलेली नव्हती. शत्रूची मशिनगन निकामी झालेली होती. त्यांना जगातून काहीतरी काढून टाकायचे होते, आणि मोबाइलवर चित्रे बनवणाऱ्याला त्या जगात आणखी एक भर घालायची असते. बिरसाच्या माणसांची अंधश्रद्धा म्हणून हेटाळणी करणे सोपे आहे. पण गोळी पाणी झाली तर समोरासमोर कोण उभा राहतो ते पाहू, या त्यांच्या हिशेबात युद्धाविषयीचा एक विचार होता, आणि तो आपल्या चित्रांपेक्षा प्रगल्भ होता.

शिवाजी महाराजांच्या हाती आधुनिक शस्त्रे द्या, असे म्हणणारे आणखी एक गोष्ट विसरतात. ती त्यांच्या हाती होतीच, आणि त्यांच्यावरही चालली. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन सिद्दी जौहरच्या मदतीला नवे गोळे घेऊन गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा करून आला. पुढल्या वर्षी महाराजांनी राजापूर लुटले आणि रेव्हिंग्टनला साथीदारांसह कैदेत टाकले. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या आणि समोर अब्दालीच्या उंटांवरच्या जंबुरका. प्रत्येक पिढीने हाताशी आलेले सर्वांत नवे हत्यार उचललेले आहे.

तरीही महाराष्ट्राने लंडनहून मोठ्या समारंभाने काय आणले? जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात जी वाघनखे दाखल झाली ती महाराजांचीच, याचा पुरावा नाही, असे लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वतःच सांगते. ती पाहायला लोटलेल्या गर्दीला त्याने फरक पडला नाही. बोटांत अडकवायचे पोलादी नखांचे हत्यार, ज्याचा पल्ला हाताच्या पंजापलीकडे जात नाही. ते वापरायचे तर शत्रूला मिठी मारावी लागते, त्याचा श्वास तोंडावर यावा लागतो. आपल्याला जे शौर्य वंदनीय वाटते ते या अंतरात राहते. मावळ्याच्या खांद्यावर लाँचर देणारा चित्रकार नेमके तेच अंतर पुसून टाकतो आणि त्याला वाटते आपण मावळ्याला थोर केले.

प्राचीनांकडे बंदुका होत्याच, हा दावा तर अडीचशे वर्षे जुना आहे, आणि त्याची सुरुवात एका इंग्रजाने केली. नॅथॅनियल हॅल्हेडने १७७६ मध्ये हिंदू कायद्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापताना प्रस्तावनेत अग्न्यस्त्र म्हणजे बंदूक असावी, असा तर्क केला. १८८० मध्ये मद्रासच्या गुस्ताव ओपर्टने शुक्रनीतीतले नालिका या बंदुकीसारख्या हत्याराचे वर्णन पुढे केले, त्यात पाच भाग सोरा आणि एकेक भाग गंधक व कोळसा असे दारूचे प्रमाणही आहे. तो मजकूर फार उशिराचा आहे, हे नंतर अभ्यासकांनी दाखवून दिले. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाला जे नियम घातले आहेत ते या वादात कुणी काढत नाही. लपवलेली, विषारी, काटेरी किंवा पेटती शस्त्रे वापरू नयेत, हात जोडणाऱ्याला मारू नये, असे ते नियम. हत्यार किती पुढारलेले होते यापेक्षा कोणत्या हत्याराला नको म्हटले, हे सांगणारी परंपरा हातात असताना बंदुकीचे पेटंट शोधत बसणे, हा करंटेपणा आहे.

महाभारतात तर हा प्रश्न कथेच्या गाभ्यातच आहे. वनपर्वात अर्जुन इंद्राकडून अस्त्रे घेऊन परततो आणि भावांना ती दाखवण्याची हौस त्याला येते. हौसच म्हणायची, कारण शत्रू कुठेच नाही. त्याने पवित्रा घेताच पृथ्वी डळमळते, नद्या-समुद्र खवळतात, वारा थांबतो. अखेर नारद येऊन त्याला थांबवतात: लक्ष्य नसताना ही सोडायची नसतात, आणि लक्ष्य असले तरी प्राणसंकटाशिवाय नाही. शस्त्रसंचलनाच्या इतिहासात प्रात्यक्षिक रद्द झाल्याचा हा बहुधा पहिला प्रसंग असावा.

सौप्तिकपर्वात अश्वत्थामा गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र मंत्रतो. अर्जुन प्रतिकाराला तेच सोडतो. व्यास आणि नारद दोन अग्नींच्या मध्ये उभे राहतात आणि दोघांनाही अस्त्र मागे घ्यायला सांगतात. अर्जुन घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, सोडण्याची विद्या त्याच्याकडे आहे, आवरण्याची नाही. मग तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. व्यासांच्या कथेत दोघांचे अस्त्र एकच आहे. फरक फक्त मागे घेण्याच्या अधिकारात आहे, आणि तो अधिकार संयमाने येतो. आता ९ मार्च २०२२ ची घटना घ्या. भारताच्या एका तळावरून ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती, कुणी मेले नाही, पुढे ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. सुटल्यापासून पडेपर्यंत ते कुणालाही परत बोलावता आले नाही.

आपले सरकारही योद्ध्यांना आधुनिक शस्त्रे देण्याचे काम नावांपुरते करतच असते. पृथ्वी, अग्नी, त्रिशूल. ५८ टनांहून जड रणगाडा अर्जुन. पुण्याच्या पाषाणमधल्या संरक्षण प्रयोगशाळेने घडवलेला पिनाक म्हणजे शिवधनुष्य, जो ४४ सेकंदांत बारा रॉकेट सुमारे ४० किलोमीटरवर टाकतो. रशियन एस-४०० ला आपण सुदर्शन चक्र म्हणतो. कथेतले सुदर्शन मात्र काम करून हातात परत येते.

आणि इथे तो मूळ प्रश्न खऱ्या अर्थाने धारेवर येतो. कुरुक्षेत्रावर अर्जुन सारथ्याला काय सांगतो? रथ दोन सैन्यांच्या मध्ये ने, मला कुणाशी लढायचे आहे ते पाहू दे. कृष्ण रथ नेमका भीष्म-द्रोणांसमोर उभा करतो. अर्जुनाला आजे, मामा, भाऊ, नातू, सासरे दिसतात, आणि मग त्याचे हात थरथरतात. गीतेचे सगळे अठरा अध्याय या दिसण्यातून निघाले आहेत. अर्जुनाच्या हाती पिनाक लाँचर असता तर तो ४० किलोमीटर मागे राहिला असता. समोर पडद्यावर आकडे असते, आजोबा नसते. विषाद झालाच नसता आणि कृष्णाला बोलण्याचे काही कारण उरले नसते. अर्जुनाला आधुनिक शस्त्र देणे म्हणजे त्याच्याकडून गीता काढून घेणे.

लांबून मारणाऱ्यांना पश्चात्ताप होत नाही, असा याचा अर्थ नाही. होतो, पण तो नंतर होतो. अर्जुनाचा आधी झाला, बाण सुटण्यापूर्वी, जेव्हा त्याचा काही उपयोग होता.

या प्रश्नाशी खरोखर झटलेली मराठी माणसे आहेत, आणि त्यांच्यातला एक धागा थेट रायपूरपर्यंत येतो. जून १८९७ मध्ये शिवराज्याभिषेक उत्सवात टिळकांनी अफझलखानाच्या वधाचा प्रश्न घेतला. महाराजांनी आधीच ठरवून मारले असे गृहीत धरले तरी ते पाप होते का? त्यांचे उत्तर गीतेवर उभे होते: फळाची आसक्ती नसेल तर आप्त आणि गुरूंना मारूनही दोष लागत नाही. १५ जूनच्या ‘केसरी’त हा वृत्तान्त आला आणि २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीजवळ पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. दुसरी गोळी रँडच्या मागच्या गाडीतल्या आयर्स्टला लागली आणि तो जागीच मेला. वाघनखांसाठी मांडलेला न्याय आठवड्याभरात पिस्तुलाला लागू झाला, निदान सरकारने तसा अर्थ लावला, आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

अकरा वर्षांनी हत्यार आणखी बदलले. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपुरात खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफर्डच्या समजुतीने एका बग्गीवर बाँब टाकला. आत केनेडी नावाच्या मायलेकी होत्या, दोघी मेल्या. टिळकांनी ‘केसरी’त त्यावर जे लेख लिहिले त्यांत एक विलक्षण निरीक्षण आहे. बाँब ही कारखान्यात तयार होणारी वस्तू कमी आणि एक विद्या जास्त, मंत्र किंवा ताईत यांच्या जातीची, आणि ती कायद्याने जप्त करता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. अस्त्राची महाभारतातली कल्पनाही हीच. पण अस्त्राला आवरण्याचा मंत्र असतो, बाँबला नसतो, आणि त्या मायलेकींच्या मृत्यूत टाकणाऱ्याचे मन कितीही निःस्वार्थ असले तरी काही फरक पडला नाही. प्रतापगडावर माणूस चुकण्याची सोय नव्हती. कर्त्याची बुद्धी शुद्ध असली की पुरे, हा निकष वाघनखांना जितका घट्ट बसतो तितका अंधारातल्या बग्गीला बसत नाही.

त्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. नागपूरहून ‘हिंद केसरी’ चालवणारे माधवराव सप्रे यांनाही त्याच ऑगस्टमध्ये तशाच लिखाणासाठी अटक झाली. रायपुरात शिकलेले, १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे हे मराठी घरातले हिंदी लेखक. त्यांनी माफी लिहून दिली आणि सुटले. ती माफी त्यांना आयुष्यभर सलली. काही काळ ते रामदासी संप्रदायाच्या आश्रयाला राहिले, माधुकरी मागितली, दासबोध हिंदीत नेला. तिकडे मंडालेत टिळकांनी गीतारहस्य लिहिले, १९१५ मध्ये ते छापले गेले आणि लगेच पुढल्या वर्षी त्याचे हिंदी रूप आले ते सप्रे यांचे. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतावरच्या ग्रंथाचे हिंदी भाषांतरही त्यांनीच केले. १९२६ मध्ये ते रायपुरात वारले; त्यांच्या नावाची शाळा शहरात आहे. बाँबच्या लेखांनी एकाला तुरुंगात आणि दुसऱ्याला माफीत नेले, आणि दोघांची गाठ पुन्हा गीतेवर पडली. हिंदी पट्ट्यातल्या कित्येक पिढ्यांनी कर्मयोग वाचला तो शरणागती पत्करलेल्या माणसाच्या हातचा. त्याने त्या ग्रंथाला उणेपणा येत नाही. उलट योद्ध्याच्या धैर्याविषयी बोलण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न त्याने जरा अवघड करून ठेवला आहे.

रायपूरच्या दक्षिणेला हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. बस्तरच्या पायवाटांखाली पुरलेला प्रेशर आयईडी हे असे हत्यार आहे की ज्याला योद्धाच लागत नाही. पुरणारा केव्हाच निघून गेलेला असतो. ६ जानेवारी २०२५ रोजी बिजापूर जिल्ह्यात कुटरूजवळ पुरलेल्या स्फोटकांचा स्फोट होऊन डीआरजीच्या जवानांसह आठ जवान आणि त्यांचा चालक मारले गेले. तेंदूपत्ता आणि मोहफुले वेचायला गेलेली माणसेही प्रेशर आयईडीवर पाय देतात. आणि डीआरजी म्हणजे जिल्हा राखीव दल, त्यात भरती होतात ती याच गावांतली मुले, शरण आलेले जुने नक्षलवादीही. म्हणून अर्जुनाने जे पाहिले ते इथे पुन्हा दिसते: २०१९ मध्ये सुकम्यात पोलिसांतला भाऊ आणि नक्षलवादी बहीण चकमकीत समोरासमोर आल्याची बातमी छापून आली होती. दोघांकडेही आधुनिक बंदुका होत्या. चेहरे मात्र ओळखीचे होते.

१७ ऑक्टोबर २०२५ ला जगदलपुरात २१० नक्षलवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्याच्या दोन दिवस आधी गडचिरोलीत नक्षलवादी नेता भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी ठेवली होती. जगदलपूरच्या १५३ हत्यारांत १९ एके-४७ होत्या, २३ इन्सास होत्या, महायुद्धांच्या काळातल्या पद्धतीच्या ३६ थ्री-नॉट-थ्री होत्या आणि साध्या एकनळी व बारा बोरच्या ४१ बंदुकाही. द्रोणपर्वात नारायणास्त्र सुटते तेव्हा कृष्ण पांडवसेनेला सांगतो, शस्त्रे टाका आणि वाहनांवरून उतरा, हे अस्त्र शस्त्र टाकणाऱ्याला शिवत नाही. भीम ऐकत नाही; त्याला रथातून ओढून उतरवावे लागते. त्याला ओढताना कृष्णार्जुनांनी त्याला पुढे काय करायचे ते सांगितले नव्हते, कारण ते ठरलेले होते: अस्त्र शांत झाले की पुन्हा रथात बसायचे. जगदलपुरात शस्त्र टाकणाऱ्यांपुढेही ती शक्यता आहे. त्यांच्यातल्या काहींना उद्या जिल्हा राखीव दलात घेतले तर तीच बोटे दुसऱ्या रायफलीच्या चापावर जातील, त्याच जंगलात, कालच्याच सोबत्यांवर. टिळकांचा निकष लावायचा तर पाहावे लागेल त्यांची बुद्धी, आणि भरतीच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नसतो.